पुढं लिहा

कोकिळाबाईंनी झाकण उघडलं, बाटली नाकाशी नेली आणि तशीच लांब धरली. आंब्याच्या थंड पेयाचा वास होता आणि त्याच्या आडून दारूचा. सकाळचे सव्वादहा झाले होते. वसतिगृहाच्या अकरा नंबरच्या खोलीतल्या बाकी खाटा आवरलेल्या होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर पुष्पांजली भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल दहालाच सुरू झालं होतं.

"कोनाची आहे ही?"

"माही." पुष्पांजलीनं तोंड वळवलं नाही.

"काय आहे यात?"

"तुमी वास घेतला न मॅडम. मंग काऊन विचारता?"

दारात समता उभी होती, पुष्पांजलीची खोलीतली सोबतीण. ही आज वर्गात आली नाही, जरा बघा, असं तिनंच खाली येऊन सांगितलं होतं. आता ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, जणू चोरी तिनंच केली होती.

कोकिळाबाई तायडे या वसतिगृहाच्या अधीक्षिका. मुली त्यांना रेक्टर मॅडम म्हणत. बी.ए. झाल्या, लग्न झालं, नवरा इंद्रभान एस.टी.त कंडक्टर, वसतिगृहाच्या मागं दोन खोल्यांचं क्वार्टर मिळत होतं म्हणून त्यांनी ही नोकरी धरली, आणि एकोणीस वर्षांत इथंच केस पांढरे केले. साठ मुलींची हजेरी, टाकीची मोटार, मेसच्या वरणातलं पाणी, सुट्टीच्या चिठ्ठ्या, उशिरा येणाऱ्यांना दटावणं, यात दिवस सरत. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एकच होतं. राग आला की त्यांचा आवाज खाली जाई. मॅडम ओरडल्या तर काही नाही, हळू बोलल्या तर पळा, असं जुन्या मुली नव्यांना सांगून ठेवत.

"ऊठ," त्या हळू म्हणाल्या. "मायबापानं शिकाले पाठवलं तुले. दारू पेऊन झोपाले नाई."

मुलगी हलली नाही, तेव्हा त्यांनी तिचा दंड धरायला हात पुढं केला. हात तिथवर पोचलाही नव्हता. पुष्पांजली एकदम गोळा झाली, गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर, कोपरं कानांवर घट्ट. आवाज काही केला नाही. डोकं असं झाकायची सवय एका दिवसात लागत नाही, हे कळायला कोकिळाबाईंना कुणी सांगावं लागलं नाही.

कुर्त्याची बाही वर सरकली होती. दंडावर चार वळ होते, एकाखाली एक, निळे. आतल्या बाजूला पाचवा, जाड, अंगठ्याचा. त्यांच्या खाली जुने, पिवळे पडलेले.

कोकिळाबाईंनी हात मागं घेतला. बाटलीचं झाकण लावलं.

"समता, खालून लिंबूपानी आन. आन् दार ओढून घे."

*

जिन्याखालच्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं. तिथं पुष्पांजली दोन तास बसली आणि हळूहळू बोलली. रडली नाही. दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तशी सांगत होती.

मुलगी सोनाळ्याची. घरी संत्र्याची बाग, आईबाप, धाकटा भाऊ. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी पहिल्या पाचांत आली होती. दुसऱ्या वर्षी रवीशी ओळख झाली. रवी कॉलेजचा विद्यार्थी प्रतिनिधी, एक वर्ष पुढं. त्याचे वडील संस्थेच्या संचालक मंडळावर. कार्यक्रमात माइक त्याच्याच हातात असे, आणि प्राचार्य त्याला नावानं हाक मारत.

"पयले मले वास बी सहन होत नव्हता," पुष्पांजली म्हणाली. "धरणावर गेलो होतो, सात-आठ जन. त्यानं गिलास पुढं केला. म्हने, घेत नाई म्हंजे माह्यावर भरोसा नाई तुहा. मंग घेतली. त्यानं व्हिडिओ काढला."

"आन् मारलं कवा?"

"ते नंतर. त्याच्या दोस्तासंग हासून बोलली म्हून. पयल्यांदा मारलं तं रडला तो. पाया पडला माह्या. दुसऱ्यांदा नाई रडला."

कोकिळाबाईंनी लिंबूपाण्याचा पेला तिच्याकडं सरकवला.

"आता त्याले भेटायचं असलं का मी आधीच पेऊन जाते. मंग लागलं तरी जास्त समजत नाई. आन् पेलेली दिसली का तो आखीन मारते. म्हने, बेवडी झाली तू, माह्याशिवाय तुले कोन ठेवून घेईन. मंग खोलीवर येते आन् पुन्हा पेते. झोप लागते तवा."

"रोज?"

"आता रोज. सकाळी नाई घेतली तं हात हालते. प्रॅक्टिकलले बुरेट धरता येत नाई."

"कोन आनून देते तुले?"

पुष्पांजलीनं पहिल्यांदा वर पाहिलं. त्या एवढ्याशा प्रश्नाचं तिला नवल वाटलं असावं.

"तोच," ती म्हणाली.

सोडून का दिलं नाहीस, घरी का सांगितलं नाहीस, असलं सगळं कोकिळाबाईंच्या तोंडावर आलं होतं. मुलगीच म्हणाली, "सोडलं तं व्हिडिओ बाबाच्या मोबाइलवर जाईन. त्यानं नंबर सेव करून ठेवला."

ती वर गेल्यावर कोकिळाबाई खुर्चीत तशाच बसून राहिल्या. त्यांना सारिका आठवली होती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चार नंबरच्या खोलीत सारिका नावाच्या मुलीच्या पेटीत बाटली सापडली होती. तिचा ओठ तेव्हा सुजलेला होता. न्हाणीत घसरली म्हणाली, आणि कोकिळाबाईंनी ते ऐकून घेतलं. चार ओळींचा अहवाल लिहिला, मुलीला घरी पाठवलं. वसतिगृहाला शिस्त लागली म्हणून प्राचार्यांनी सभेत नाव घेतलं होतं त्यांचं. मग मागच्या दिवाळीत नागपूरला बहिणीकडे जाताना शेगावच्या स्टेशनात एक बाई कडेवर मूल घेऊन समोर आली. सारिका. घरी गेल्यावर महिन्याच्या आत लग्न लावून दिलं होतं, आणि तो नवराही हात उचलणाराच निघाला होता. पुढचा अर्धा दात तुटलेला. तिनं भांडण केलं नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, तुमी बाटली पाह्यली होती. माहं तोंड सुजलं होतं ते बी पाह्यलं असन न? मी काऊन पेते, ते एकडाव तरी विचारलं असतं." तेवढ्यात गाडी आली आणि कोकिळाबाई गाडीत चढल्या. उत्तर द्यावं लागलं नाही म्हणून त्यांना हायसं वाटलं होतं, आणि ते हायसं वाटणं पुढं कित्येक दिवस बोचत राहिलं होतं.

त्यांनी कागद पुढं ओढला आणि लिहायला घेतलं.

*

प्राचार्य रंगराव सरांनी तो दीड पानांचा अहवाल चष्मा वर करून वाचला, परत वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"कोकिळा मॅडम, बाटली सापडली हे ठीक. ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. हे बाकीचं कशाला?"

"बाकीचंही डोळ्यांनी पाहिलं सर. वळ आहेत तिच्या अंगावर."

"मारहाण आपल्या आवारात झाली का?"

"धरणावर झाली. त्याच्या मित्राच्या खोलीवर झाली."

"मग आपला संबंध कुठं येतो?"

"मुलगी आपल्या आवारात राहते सर. मार तिच्यासोबत आत येतो."

सर हसले. वाईट माणूस नव्हता तो. दर गणेशोत्सवात सगळ्या कर्मचाऱ्यांना स्वतः प्रसाद वाटायचा. त्याला फक्त कुठल्याही गोष्टीचा त्रास नको असे. "असं बघा, तिच्या आईवडिलांना फोन केलाय. उद्या येतील, घेऊन जातील. मुलीची बदनामी नको, कॉलेजची नको. तुम्ही फक्त पहिला परिच्छेद ठेवा. आणि ते नाव काढा. पुरावा नसताना कुणाच्या मुलाचं नाव असं लिहू नये."

"पुष्पांजलीचं नाव लिहिलं तर चालतं?"

"तिच्याकडं बाटली सापडली."

सरांच्या डोक्यामागं भिंतीवर महिला तक्रार समितीचा फलक होता. त्यावर तिसरं नाव कोकिळाबाईंचंच. सहा वर्षांत त्या समितीची एकच सभा झाली होती, तीही महिला दिनाच्या फोटोपुरती. त्या फोटोत आपण हसतोय, हे त्यांना आठवलं आणि कानशिलं तापली.

"सर," त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता की सरांना पुढं वाकावं लागलं. "मागच्या वेळेस मी पहिला परिच्छेदच लिहिला होता. या वेळेस पूर्ण लिहिलंय. तुम्हाला फाडायचा तर फाडा. माझ्याकडं दुसरी प्रत आहे."

*

दुसऱ्या दिवशी साडेअकराला भागवतराव आणि आशाबाई आले. पहाटेच सोनाळ्याहून निघाले होते. भागवतरावांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. लेकीच्या कॉलेजात ते दुसऱ्यांदाच येत होते. आशाबाईंच्या हातात कापडी पिशवी होती, तिच्यात संत्री. कशासाठी बोलावलंय हे फोनवर कुणी धड सांगितलं नव्हतं.

प्राचार्यांनी सांगितलं. शब्द नेमके वापरून, खेद व्यक्त करून, एका बाजूचंच. मग टंकलेला कागद पुढं सरकवला : वैयक्तिक कारणास्तव मुलीला घरी नेत आहोत, कोणाबद्दल तक्रार नाही.

भागवतरावांनी कागदाकडं पाहिलंच नाही. भिंतीशी उभ्या असलेल्या लेकीकडं पाहिलं.

"दारू पेते तू?"

भागवतराव उठले, दोन पावलं पुढं गेले आणि त्यांचा हात वर गेला. तोच पुष्पांजली भिंतीला लागून खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं कानांवर.

"थांबा," आशाबाई म्हणाल्या.

ही बाई आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. तिनं पिशवी खाली ठेवली, लेकीपाशी जाऊन बसली आणि तिचे हात एकेक करून डोक्यावरून काढले. मग नवऱ्याकडं मान वर केली.

"तुमी हिले जल्मात मारलं नाई. मी बी नाई मारलं. मंग असं डोकं झाकाले हिले कोनी शिकवलं?"

कोकिळाबाई पुढं आल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. धरण, व्हिडिओ, मार, बाटली कोण आणतो ते, आणि त्याचं नाव. प्राचार्यांनी दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला.

आशाबाईंनी लेकीची बाही वर केली. वळांवर आपली बोटं ठेवून पाहिली. त्यांची बोटं लहान होती, वळ लांब होते.

"मी नाई करत सही," त्या म्हणाल्या.

"अवं पन नाव जाईन पोरीचं," भागवतराव कसंबसं म्हणाले. त्यांचा वर गेलेला हात आता सदऱ्याच्या खिशाशी चाळा करत होता. "गावात तोंड कसं दाखवाचं? सही कर आन् घरी चाल."

"तुमी जा घरी. मी म्याडमसंग जाते. कुठी जावं लागते म्याडम?"

"आधी दवाखान्यात," कोकिळाबाई म्हणाल्या. "मंग ठाण्यात."

*

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी वळ मोजले, मापं घेतली, रंगावरून कोणता किती जुना ते लिहिलं. पाठीवर एक भाजल्याची खूण निघाली, ती पुष्पांजलीनं कुणालाच सांगितली नव्हती. मग डॉक्टरांनी तिला हात समोर धरायला सांगितले. बोटं थरथरत होती.

"शेवटची कधी घेतली?"

"काल सकाळी."

"हिला चार दिवस इथं ठेवावं लागेल," डॉक्टरांनी आशाबाईंना सांगितलं. "रोजची सवय एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. औषधं देऊन उतरवावी लागते. हा आजार आहे, त्याचा कागद वेगळा. हे मारल्याचं, त्याचा कागद वेगळा. एकाच्या नावाखाली दुसरा कुणाला दाबू देऊ नका."

आशाबाईंनी मान हलवली. त्यांना दोन कागदांचं किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी ते दोन्ही कागद पिशवीत संत्र्यांच्या वर, घडी न घालता ठेवले. औषधाचा पहिला डोस घेऊन, तक्रार देऊन परत दाखल व्हायचं, असं ठरलं.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणारा हवालदार पोक्त होता. त्यानं पाणी दिलं, बसायला बाकडं दिलं. नाव, गाव, वय लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "मारलं त्या टायमाले तू पेलेली होती का?"

पुष्पांजलीनं आईकडं पाहिलं. "हाव."

"दर टायमाले?"

"बहुतेक."

हवालदारानं पेन टेबलावर ठेवलं आणि कोकिळाबाईंकडं वळून, घरातल्या माणसाला समजवावं तशा सुरात म्हणाला, "ताई, पेनाऱ्या पोरीची तक्रार कोर्टात काय टिकते? उद्या वकील पयला प्रश्न हाच विचारीन. पोराचं शिक्षन आहे, पोरीचं लगन आहे. दोघायले बसवून समजवून सांगतलं तं नाई चालनार का?"

दोन दिवसांत तिसऱ्यांदा कुणीतरी समजावत होतं. प्राचार्यांनी, बापानं, आता यानं. कुणीच ओरडत नव्हतं. सगळे पोरीच्या भल्याचंच बोलत होते. कोकिळाबाईंना वाटलं, टेबलावरचं ते जाड रजिस्टर उचलावं आणि या माणसाच्या मांडीवर आपटावं. आणि त्यांना हेही दिसलं की तीन वर्षांपूर्वी सारिकाच्या वेळी, या खुर्चीवर नसल्या तरी, त्या याच बाजूला बसल्या होत्या.

"प्यालेली होती," त्या म्हणाल्या. "लिहिलं? आता पुढं लिहा."

"अवं ताई..."

"पुढं लिहा साहेब. तिच्या दंडावर पाच बोटं उमटलेली आहेत. पाठीवर भाजलं आहे. डॉक्टरचा कागद आहे. बाटलीनं असे वळ उठत नाहीत."

त्या इतक्या हळू बोलल्या की शेजारच्या टेबलावरची महिला शिपाई टायपिंग थांबवून ऐकू लागली.

हवालदार काही म्हणणार तेवढ्यात भागवतराव आत आले. घरी जातो म्हणून ते बसस्टँडवर गेले होते. आता दारात उभे होते, हातात मोबाइल, चेहरा राखेसारखा. रेक्टरबाई पोरीला घेऊन ठाण्यात बसल्यात, ही खबर एव्हाना रवीपर्यंत पोचली होती आणि त्यानं बोलल्याप्रमाणं केलं होतं.

"मले आता आला हा," भागवतराव म्हणाले. त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. "मी पाह्यला. पूर्न पाह्यला."

पुष्पांजलीनं डोळे मिटून घेतले. व्हिडिओत ती हसत होती, डोळे धड उघडत नव्हते, ग्लास ओठांशी होता. ती नको म्हणून मान हलवत होती. आणि कॅमेऱ्यामागून आवाज येत होता, स्पष्ट, मजेतला : "पे. आखीन पे. नाई म्हनली तं मंग पाह्यजो काय व्हते ते." रवीला त्या व्हिडिओत तिचा ग्लास तेवढा दिसला असणार. आपला आवाज दुसऱ्याला ऐकू येईल, असं त्याच्या मनातही आलं नसावं. त्याला आजवर कुणी ऐकवलंच नव्हतं.

"साहेब," भागवतराव म्हणाले, "ही माही पोरगी आहे. ही दारू पेते. आन् हा पाजनाऱ्याचा आवाज आहे, वर त्याचा नंबर आहे. हे बी लिहून घ्या."

मग ते लेकीच्या शेजारी बाकड्यावर बसले. तिच्याकडं त्यांना बघता येत नव्हतं. समोरच्या भिंतीकडं बघतच त्यांनी आपला हात तिच्या बाजूला बाकड्यावर ठेवला, उताणा. बराच वेळ तो तसाच होता. मग तिनं त्यात आपला ठेवला.

हवालदारानं पेन उचललं.

*

रवीला अटक झाली आणि तिसऱ्या दिवशी जामीन झाला. आठवड्यानं तो कॉलेजच्या गेटवर मोटारसायकलवर रेलून उभा होता. खटला लागायला वर्ष लागेल, दोन लागतील, असं वकील म्हणाले.

पुष्पांजलीचं नाव वसतिगृहातून कमी झालं. नियमच तसा आहे, प्राचार्य म्हणाले. परीक्षेला मात्र बसू द्यावं लागलं, कारण तक्रारीची प्रत विद्यापीठात गेली होती. ती कोकिळाबाईंनी स्वतः टपालात टाकली होती.

कोकिळाबाईंची बदली ग्रंथालयात झाली, मागच्या कोठीत, जिथं फाटकी पुस्तकं बांधणीसाठी ठेवतात. क्वार्टर महिन्यात सोडायचं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी इंद्रभानला ते पत्र दाखवलं. इंद्रभान निवृत्त झाल्यापासून अंगणातल्या कुंड्यांत रमला होता. त्यानं पत्र वाचलं, परत दिलं. "घर पाह्यतो मी," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सायकल काढून गावभर फिरला. एका दारी, ठाण्यात गेलेली बाई ती हीच का, असं विचारून जागा नाकारली. चौथ्या दिवशी दोन खोल्या मिळाल्या.

पुष्पांजलीसाठी व्यसनमुक्ती केंद्र शोधायला कोकिळाबाई तीन ठिकाणी गेल्या. पहिल्या ठिकाणी माणूस म्हणाला, "बायांची सोय नाई आमच्याकडं." दुसऱ्या ठिकाणी म्हणाला, "बाया कुठी पेतात?" तिसऱ्या ठिकाणी त्यांनी विचारलंच नाही, दारावरचा 'फक्त पुरुषांसाठी' हा फलक वाचूनच परतल्या. शेवटी त्या डॉक्टरबाईच दर सोमवारी दुपारी बोलावत, गोळ्या देत आणि अर्धा तास बोलत बसत. आशाबाईंनी लेकीला परीक्षेपर्यंत कोकिळाबाईंच्या घरी ठेवलं. तिथून अभ्यास झाला असता, सोनाळ्यात फक्त प्रश्न झाले असते. दर पंधरा दिवसांनी त्या येत, दोन दिवस राहत, आणि जाताना लेकीच्या केसांना तेल लावून जात.

सगळं सरळ झालं असं नाही. मार्चमध्ये एके दिवशी कोकिळाबाई दुपारी घरी आल्या तेव्हा पुष्पांजली स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून खाली बसलेली होती. वास दारापर्यंत आला होता. न पिता चोवीस दिवस झाले होते. कॅलेंडरवर इंद्रभान रोज एक फुली मारत असे.

कोकिळाबाईंच्या डोक्यात काहीतरी फुटलं. क्वार्टर गेलं, एकोणीस वर्षं गेली, गावानं नावं ठेवली, आणि ही पुन्हा बाटली तोंडाला लावते. त्या पुढं गेल्या. आपला हात वर गेलाय हे त्यांना नंतर कळलं.

पुष्पांजलीनं या वेळी डोकं झाकलं नाही. तशीच बसून वर बघत राहिली. "मारा मॅडम," ती म्हणाली. "तुमीच राह्यल्या होत्या."

कोकिळाबाईंचा हात खाली आला. त्यांना स्वतःच्या तळव्याची इतकी किळस आली की त्यांनी तो पदराला पुसला. मग त्या तिच्यासमोर फरशीवर बसल्या. गुडघे दुखत, म्हणून त्या एरवी खाली बसत नसत.

"काऊन पेली?" त्यांनी विचारलं.

"गेटवर फ्लेक्स लागला त्याचा," पुष्पांजली म्हणाली. "वाढदिवसाचा. एवढा मोठा फोटो. गॉगल लावलेला. खाली सर्वायची नावं आहेत, प्राचार्यायचं बी आहे. तिथून आत जा लागते मले हॉल तिकीट आनाले. मी दोनदा गेली आन् वापस आली."

कोकिळाबाईंनी तो फ्लेक्स सकाळीच पाहिला होता आणि मान खाली घालून त्याखालून गेल्या होत्या. हे त्यांनी पुष्पांजलीला तसंच्या तसं सांगितलं. इंद्रभान आला, त्यानं चहा ठेवला, कॅलेंडरकडं गेला, थांबला आणि नवी फुली पुन्हा एकपासून मोजायची असं म्हणून पेन्सिल जागेवर ठेवली.

*

परीक्षेच्या दिवशी ऊन कडक होतं. कोकिळाबाईंनी रजा टाकली नव्हती. त्या कोठीत गेल्याच नाहीत. दोघी गेटातून आत शिरल्या. फ्लेक्स अजून होता, एका बाजूनं दोरी सुटून लोंबत होता. त्याखाली चार-पाच मुलं उभी होती, त्यात रवी होता. एकानं बाटली तोंडाला लावल्याची खूण केली आणि बाकीचे हसले.

कोकिळाबाई थांबल्या. त्यांनी त्या मुलाकडं पाहिलं, मग रवीकडं, आणि तिथंच उभ्या राहिल्या. पुष्पांजली पुढं चालत गेली, पायऱ्या चढली, व्हरांड्यात यादीवर आपला नंबर शोधला, आत गेली. तोवर त्या बघत राहिल्या. मुलांचं हसणं मध्येच कुठंतरी विरून गेलं आणि रवीनं मोटारसायकलची किल्ली काढली.

तीन तास त्या व्हरांड्यासमोरच्या कडुलिंबाखाली बसून होत्या. ग्रंथालयाचा शिपाई दोनदा बोलवायला आला. दुसऱ्यांदा म्हणाला, साहेब विचारून राह्यले. "सांग, बाहेर बसल्या आहेत," त्या म्हणाल्या.

घंटा झाली. मुली प्रश्नपत्रिका तपासत, एकमेकींना उत्तरं विचारत बाहेर आल्या. समता त्यांना लांबून हात करून गेली. पुष्पांजली सगळ्यांत शेवटी आली, एकटी, उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं दाबत.

"कसा गेला?"

"एक प्रश्न राह्यला." ती शेजारी टेकली. "बाकी लिहिलं. पन हात लय हालत होता मॅडम. अक्षर खराब आलं. कोंबडीचे पाय."

"वाचता येते न?"

पुष्पांजलीनं विचार केला.

"येते."

"मंग झालं," कोकिळाबाई म्हणाल्या. त्यांनी तिचं मनगट आपल्या मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं हळूहळू चोळत बसल्या. पुढचा पेपर परवा होता.